तीन जागा आणि टबभर खळ

आत्या आली तेव्हा आप्पांची विजार दारात उभी होती, आणि आप्पा तिच्यात नव्हते.

विजार नुसती उभी नव्हती, तोऱ्यात उभी होती. एक पाय पुढे, एक जरा मागे. कुणाला तरी नाक्यापर्यंत सोडायला निघालेली आणि काहीतरी विसरलं म्हणून उंबऱ्याशी थबकलेली. जिना चढून धापा टाकत आलेल्या आत्याने चष्मा काढून पुसायला घेतला होता. समोर अंधुक असं काहीतरी ताठ, कडक आणि ओळखीचं दिसलं, तशी लहानपणापासूनच्या सवयीने तिची मान झुकली.

"कसे आहात, आप्पा?"

विजारीने उत्तर दिलं नाही. आप्पाही पहिल्या हाकेला कधी उत्तर देत नसत, त्यामुळे आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने चष्मा चढवला, आणि मग मात्र ती एक पायरी मागे सरकली.

"आप्पा आत आहेत," विजारीच्या मागून चिमटा म्हणाली. "ही त्यांची दुसरी. ही बाहेर थांबलीय."

चिमटा म्हणजे घरातली धाकटी, वय वर्षं पाच. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून ते नाव पडलेलं. तिने विजारीभोवती एक गिरकी घेतली आणि सकाळपासून रचून ठेवलेलं गाणं आत्याला म्हणून दाखवलं:

विजार बाई विजार,
उभी कशी गं दारात?
पोटामध्ये पाय नाही,
चाललीस कुणाच्या घरात?

"वहिनी," आत्याने आत हाक मारली, "हे काय आहे?"

स्वयंपाकघरात सुपाच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या सूनबाईने क्षणभर डोळे मिटून घेतले. ज्या प्रश्नाचं उत्तर तिला सगळ्यात शेवटी, सगळ्यांची पोटं भरल्यावर, जमलं तर हसत हसत द्यायचं होतं, तोच प्रश्न उंबऱ्यावरच आला होता.

खाली लाँड्री आणि वर घर अशा या वास्तूत गेली तीन वर्षं ती आपल्या तीन मुलांना घरीच शिकवत होती. लाँड्रीतलं जुनं घडीचं टेबल वर आणून तिने त्याचा वर्ग केला होता. सकाळी आठ ते बारा त्या टेबलाभोवती पाढे, नकाशे, पानं, किडे आणि भांडणं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तीन वर्षं काही म्हटलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात गोष्टी जरा जास्तच झाल्या. मधला मुलगा, ज्याला सगळे ढग म्हणत, गिऱ्हाइकाच्या दुलईवर बसून जिना उतरला. दहा वर्षांच्या थोरलीने, म्हणजे वकीलबाईने, पाववाल्याला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांपुढे, वजनाच्या काट्यावरून खोडून काढलं. आणि चिमट्याने गॅसची टाकी द्यायला आलेल्या माणसाच्या नाकाला चिमटा लावला. तेव्हा आप्पांनी टेबलावर पंजा ठेवला.

"एक महिना," ते म्हणाले होते. "महिन्यात पोरं वळणावर आली तर तुझ्यापाशी शिकतील. नाही आली तर शाळेत जातील. माझी लेक मुख्याध्यापिका आहे आणि माझी नातवंडं गॅसवाल्याची नाकं धरतायत, हे काही बरं दिसत नाही."

आत्याने लगोलग आपल्या शाळेत तीन जागा धरून ठेवल्या. त्या तिला सोमवारी सकाळपर्यंतच धरता येणार होत्या. आणि आज रविवार होता, महिन्याचा शेवटचा.

सूनबाईने हा महिना फुकट घालवला नव्हता. तिने मुलांवर ओरडणं बंद केलं. धपाटा तर तिच्या हाताला कधी ठाऊकच नव्हता. त्याऐवजी तिने एक रीत काढली, आणि ती काढली सासऱ्यांकडूनच. आप्पा नेहमी म्हणायचे, प्रत्येक डागाचं पाणी वेगळं असतं. शाईला एक, रक्ताला एक, तेलाला एक. सगळ्यांना एकच उकळतं पाणी ओतणारा माणूस धोबी नव्हे, वैरी. तसंच वागण्याचंही, असं तिने ठरवलं. जे केलं त्यातूनच त्याचा परिणाम यावा, वरून चिकटवलेली शिक्षा नको. चिखलाचे पाय घेऊन वर आलात, जिना तुम्ही पुसायचा. मोज्याची जोडी हरवली, तर एक तांबडा आणि एक निळा घालून हिंडायचं. चिमट्याने गॅसवाल्याला चिमटा लावला, म्हणून तिला स्वतःला अर्धा तास चिमटा व्हावं लागलं. गच्चीत दोरीपाशी उभं राहून दोन्ही हातांनी चादर धरून ठेवायची. ते तिला इतकं आवडलं की ती अजून रोज विचारायची, आज चिमटा हवाय का कुणाला.

रीत छान चालली होती. शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी घनफळाचा धडा होता. टबात किती मावतं ते मोजायला मुलं खाली गेली आणि वर आली तेव्हा लाँड्रीतलं खळीचं अख्खं पोतं टबात कालवलेलं होतं. पांढरंशुभ्र, दाट, तळं भरल्यासारखं. वकीलबाईच्या वहीत आकडे बरोबर होते, एवढंच काय ते समाधान. सूनबाईने एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि ती अशा शांत आवाजात म्हणाली, ज्याचा तिला त्या वेळी फार अभिमान वाटला:

"जेवढी खळ कालवलीत तेवढी तुम्हीच कामाला आणायची. एक थेंब फेकायचा नाही."

आणि ती शनिवारी हॉटेलाचे गठ्ठे पोचवायला गेली.

आता लोकांचे कपडे रोज धुणाऱ्या या घराची एक जुनी चाल होती. घरचे कपडे आठवड्यातून एकदाच निघायचे, शनिवारी, सगळ्या गिऱ्हाइकांचं झाल्यावर, आणि अंगावरचे सोडून सगळेच्या सगळे. गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायचा नाही, हे मुलांना बोलायला लागायच्या आधीपासून कळत होतं. मग उरलं काय? घर. आप्पांच्या तीन विजारी, बाबांचे पाच सदरे, आईचे झगे, टेबलक्लॉथ, अभ्रे, टॉवेल, बनियन, रुमाल, मोजे. मुलांनी एक थेंब फेकला नाही. दुपारच्या उन्हात गच्चीवर सगळं घर पापडासारखं वाळलं.

"आणि तू त्यांना इस्त्री केलीस?" सूनबाईने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं होतं.

"माझ्या टेबलावर जे येतं त्याला मी इस्त्री करतो," नवरा म्हणाला. "मोज्यांना जरा वेळ लागला. मला वाटलं, तूच सांगितलं असशील. आता कशातून काय परिणाम येईल, मला काय माहीत."

रविवारी सकाळी घालायला दुसरं काही नव्हतंच.

*

"बसा ना, ताई," सूनबाई नणंदेला म्हणाली. मान वळवायची सोय नव्हती. झग्याची कॉलर दोन्ही बाजूंनी गालांना टेकली होती, त्यामुळे ती बोलताना अख्खीच्या अख्खी वळायची, दार उघडावं तशी.

आत्याने खुर्ची ओढली. समोर ढग उभा होता, आठ वर्षांचा, चमच्यांचा जुडगा छातीशी धरून. तोंडापर्यंत शब्द यायला त्याला आभाळात ढग सरकायला लागतो तेवढा वेळ लागे.

"काय रे ढगा, काय चाललंय तुझं?" आत्याने विचारलं.

ढगाने तोंड उघडलं. "मी ना..."

"तो मीठ आणायला निघालाय," सूनबाई म्हणाली. "जा, राजा, घेऊन ये."

ढगाने तोंड मिटलं आणि मीठ आणायला गेला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कागदी पिशव्यांचा ढीग चालत यावा तसा आवाज आला आणि आप्पा आले. दारातल्या विजारीसारखीच हीही विजार होती, फक्त हिच्यात आप्पा होते. गुडघे वाकत नव्हते. ते टेबलापर्यंत आले, खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काठावर टेकून बसायचा प्रयत्न केला, तसे दोन्ही पाय टेबलाखालून सरळ पलीकडे निघाले आणि आत्याच्या मांडीला लागले.

"मी उभाच जेवतो," आप्पा म्हणाले. "उभ्याने पचतं."

नवऱ्याची निराळीच तऱ्हा. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरात वाकत नव्हत्या. घास उचलला की हात सरळ समोर जायचा, तोंडाकडे काही येत नव्हता. शेवटी त्याने समोर बसलेल्या चिमट्याला भरवायला सुरुवात केली आणि चिमटा खुर्चीवर उभी राहून त्याला भरवू लागली. दोघांचंही जेवण झकास चाललं होतं. वकीलबाईने आपला नॅपकिन उभा करून त्याची पाचरीसारखी भिंत केली होती आणि तिच्याआड ती एक कागद वाचत होती.

आत्याने घाईने वाढून घेतलं, दोन बटाटे खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"वहिनी, मी भांडायला आले नाही. मी नुसतं दारातल्या विजारीकडे बोट दाखवते. महिनाभर तुम्ही..."

"पण त्यांनी ते खोडी म्हणून केलेलं नाही, ताई," सूनबाई म्हणाली.

भिंतीआडून वकीलबाईचं डोकं वर आलं. "आई, तोडलंस."

सूनबाईने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. हा कागद तिचाच होता, तीन आठवड्यांपूर्वीचा, जेव्हा तिन्ही मुलं एकाच वेळी बोलायची आणि कुणालाच काही ऐकू यायचं नाही. 'जो दुसऱ्याचं बोलणं तोडील, त्याने ते तुटलेलं बोलणं स्वतःच्या तोंडाने, जसंच्या तसं, तुटलं तिथपर्यंत म्हणायचं. मग ज्याचं तोडलं तो पुढचं सांगेल. या टेबलाशी जेवणाऱ्या सगळ्यांना लागू.' खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. चिमट्याची सही म्हणजे एक मासा होता.

"आता नको, बाळा. पाहुण्या आल्यात."

"पाहुण्या आल्या की नियम बंद, असं यात कुठे लिहिलंय?" वकीलबाईने कागद उलटा करून मागची बाजूही सगळ्यांना दाखवली. मागे काही नव्हतं.

सूनबाई अख्खी वळली, नणंदेकडे तोंड केलं आणि म्हणाली, "'वहिनी, मी भांडायला आले नाही. मी नुसतं दारातल्या विजारीकडे बोट दाखवते. महिनाभर तुम्ही.'"

"बोट पण दाखव," चिमटा म्हणाली.

तिने बोट दाखवलं.

आत्याच्या ओठांचा कोपरा हलला. चारशे मुलांची शाळा चालवणारी बाई होती ती. नियम कुणाचाही असो, तो पाळला जाताना पाहून तिला आतून बरं वाटे. "महिनाभर तुम्ही कष्ट घेतलेत, हे मला दिसतं," ती पुढे म्हणाली, जरा नरमाईने. "पण परिणाम काय? घरभर कपडे उभे आहेत. मुलांना मुलांमध्ये राहायला हवं, वहिनी. बरोबरीची मुलं जे शिकवतात ते आईला नाही शिकवता येत. त्यांना वेळापत्रक हवं, घंटा हवी..."

"घंटेने काय होतंय," आप्पा उभ्याउभ्या म्हणाले. "आमच्या वेळी..."

"आप्पा, तोडलंत."

आप्पांनी नातीकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग, ज्या आवाजात ते खाली भट्टीवरच्या माणसांना दम देत, त्या आवाजात म्हणाले, "'मुलांना मुलांमध्ये राहायला हवं, वहिनी,'" आणि तसेच पुढे 'घंटा हवी'पर्यंत गेले.

"तुम्ही मला वहिनी म्हणालात, आप्पा," सूनबाई म्हणाली.

"जसंच्या तसं म्हणायचंय ना," आप्पा गुरगुरले, आणि नवरा इतका हसला की त्याच्या सदऱ्याचं पुढचं बटण सुटलं आणि सुपात पडलं.

"दादा, तू तरी काहीतरी बोल," आत्या भावाकडे वळली. "तुझी मुलं आहेत. तुझं काय म्हणणं आहे?"

नवऱ्याला कुणी म्हणणं विचारलं की त्याचा चेहरा गरम इस्त्रीवर पाणी शिंपडल्यासारखा होई. त्याने घसा खाकरला. "मला वाटतं की..."

"त्याला काय वाटणार," सूनबाई म्हणाली.

"तुला वाटायला वेळ कुठे असतो," त्याच क्षणी आत्या म्हणाली.

वकीलबाईने दोन बोटं वर केली. एक आईकडे, एक आत्याकडे. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकसुरात म्हटलं, "'मला वाटतं की.'"

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. तो बराच वेळ आठवत राहिला.

"गेलं," तो म्हणाला. "चांगलं होतं काहीतरी."

सूनबाईला हसू आलं, पण तिने ते आवरलं. घड्याळ पुढे चाललं होतं आणि आपली बाजू अजून मांडलीच नाही, हे तिला कळत होतं. तिने सुपाचं भांडं बाजूला सारलं.

"ताई, मी मुलांना माझ्या हौसेने घरी ठेवलं नाहीये. मी स्वतः शाळेत गेलेय. उत्तर यायचं मला, पण बाईंनी विचारलं की लगेच यायचं नाही. उत्तर येईपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा. दोन वर्षं सगळ्यांना वाटायचं, ही मंद आहे. आता ढगाकडे बघा. त्याला सगळं येतं. फक्त बोलायला वेळ लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात त्याच्यासाठी कोण थांबणार आहे? मी त्याला..."

"असं कसं म्हणता, वहिनी, आमच्याकडे..."

आत्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला. वकीलबाईला बोलावंही लागलं नाही.

"म्हणा, आत्या," चिमटा म्हणाली. "लांब आहे. मी मदत करू?"

"नको. आठवतं मला." आत्याने चष्मा सारखा केला. तिने सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज शाळेतल्या प्रार्थनेनंतर सूचना वाचतात तसा होता. "'मी मुलांना माझ्या हौसेने घरी ठेवलं नाहीये. मी स्वतः शाळेत गेलेय. उत्तर यायचं मला.'" इथे ती अडखळली. "'उत्तर येईपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा.'" आता आवाज सूचनेचा राहिला नव्हता. "'चाळीस मुलांच्या वर्गात त्याच्यासाठी कोण थांबणार आहे?'"

आणि तिथे ती थांबली. दारातल्या विजारीचा एक पाय वाऱ्याने किंचित कुरकुरला.

"वर्गात चाळीस नाहीत," थोड्या वेळाने आत्या म्हणाली. "बेचाळीस आहेत."

नेमक्या त्या घडीला आप्पांनी टेबलक्लॉथचं टोक उचललं.

ते मघापासून त्या टोकाकडे बघत होते, पण आता त्यांनी ते दोन बोटांत धरलं, नखाने टोचलं, कानाशी नेऊन वाजवलं. टक्. मग नॅपकिन घेतला. टक्. मग मुलाच्या सदऱ्याची कॉलर. साठ वर्षं खळ लावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं.

"गुठळी नाही एक," ते म्हणाले. "कुठे पांढरा डाग नाही. शिवणीत साचलेली नाही. कडक आहे, मान्य. पण सगळीकडे सारखी कडक आहे. कुणी लावली ही?"

"ढगाने," वकीलबाई म्हणाली. "आम्ही नुसतं बुडवून द्यायचो. कालवली आणि पिळली त्याने."

"कशी रे कालवलीस?"

"मी आधी..." ढग म्हणाला.

"त्याने आधी थंड पाण्यात कालवली असणार, मग गरम पाणी," सूनबाई म्हणाली. "माझं बघून शिकलाय."

ढगाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. पण आप्पांना आता उत्तराची गरजच नव्हती. त्यांनी टेबलावर पंजा ठेवला, तोच, महिन्यापूर्वीचा.

"झालं तर मग. माझा शब्द झाला. हा मुलगा शाळेत जायचा नाही."

सूनबाईच्या छातीत आनंद उसळला. महिनाभराचं ओझं एका वाक्यात खाली आलं.

"हा उद्यापासून खाली येईल, माझ्यापाशी," आप्पा म्हणाले. "भट्टीवर. माझ्या बापाचा हात आलाय याला. तुझा तो सकाळचा वर्गही बास झाला. पुस्तकं काय, कुणीही वाचतं."

आनंद जिथे उसळला होता तिथेच गोठला.

"आप्पा, तो आठ वर्षांचा आहे," सूनबाई म्हणाली.

"मी सातचा होतो."

"म्हणूनच तुम्ही मला शाळेत घातलंत ना," आत्या उभी राहिली. "रात्रंदिवस राबून घातलंत. आणि आता नातवाला टबात उभा करणार? वहिनी, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"मी तेच बोलतेय, ताई. सकाळचा वर्ग सुटणार नाही. पाहिजे तर जग इकडचं तिकडे होऊ दे."

"अगदी बरोबर. पूर्ण सकाळ शिक्षण पाहिजे."

"पूर्ण सकाळ. आणि दुपारी खेळ."

"खेळ तर हवाच."

दोघी टेबलाच्या एकाच बाजूला आल्या होत्या, कधी आल्या ते कुणाला कळलं नाही. सूनबाईच्या ताठ बाहीला आत्याची मऊ बाही टेकली होती. आप्पा पलीकडे, एकटे, न वाकणाऱ्या विजारीत, आणि नवरा मध्ये, सुपातून बटण काढत.

"दोघी मिळून एका म्हाताऱ्यावर," आप्पा म्हणाले.

"ढगाला कुणी विचारलं का?" वकीलबाईने विचारलं.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण तिच्या प्रश्नांना एक सवय होती, ते गलक्यातही आपली जागा शोधून बसत.

"मला विचारलं तर मी नाही जाणार," ती पुढे म्हणाली. "आत्याच्या शाळेत नियमाच्या कागदावर मुलांच्या सह्या नसतात. मी पाहून आलेय. चिमट्याला विचारलं तर ती म्हणेल..."

"खाऊ कुठे असतो?" चिमटा म्हणाली.

"तोडलंस, पण ते खरंच आहे. आता ढगाला विचारा."

सगळे ढगाकडे वळले. तो मिठाचं भांडं हातात घेऊन अजून उभाच होता. इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली बघून त्याचे कान लाल झाले. सूनबाई त्या लाल कानांकडे बघत राहिली. हीच ती शाळा, तिला वाटलं, इथेच, आपल्याच घरात. अशीच बेचाळीस तोंडं रोज त्याच्याकडे वळतील.

"मला आत्याच्या शाळेत..." ढग म्हणाला.

"भीती वाटते," सूनबाई हळूच म्हणाली. "सांग ना तिला, राजा. त्यात काही वाईट नाही."

नॅपकिनची भिंत जरा हलली. मग वकीलबाई म्हणाली, आणि या वेळी तिला ते म्हणावंसं वाटत नव्हतं, "आई, तोडलंस."

"नाही गं. मी तोडलं नाही. मदत केली त्याला."

"त्याचं वाक्य संपलं नव्हतं."

"त्याला लागतो ना वेळ, म्हणून मी... रोजच करते मी."

"हो," वकीलबाई म्हणाली. "रोजच."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो बटणाकडे बघत होता. तिने आत्याकडे पाहिलं. महिनाभर ज्या चेहऱ्याशी ती मनातल्या मनात भांडत होती, त्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण कुठेच नव्हती. मघाशी ढगाचं बोलणं तोडून त्याला मीठ आणायला पाठवलेलं सूनबाईला आठवलं, आणि त्याच्या आधीच्या असंख्य सकाळी आठवल्या. त्याने तोंड उघडलं की आपण शब्द घेऊन धावत जायचो, पावसात कुणी भिजू नये म्हणून छत्री घेऊन धावावं तसं, आणि त्याला भिजायचंय का ते कधी विचारलंच नाही.

ती लेकासमोर गुडघ्यांवर बसली. झगा सगळीकडून कडकडला.

"'मला आत्याच्या शाळेत,'" ती म्हणाली.

आणि तो थांबला होता तिथेच थांबली. त्यापुढचं एक अक्षर तिचं नव्हतं.

"जायचंय," ढग म्हणाला.

आप्पांनी काहीतरी बोलायला घसा साफ केला. आत्याने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आपण पडदे द्यायला गेलो होतो ना," ढग म्हणाला. "शाळेत. तू पडदे मोजत होतीस. मी खिडकीतून बघत होतो. तिथे एक मुलगा होता. त्याला बाईंनी विचारलं. त्याला येत नव्हतं. म्हणजे येत होतं. पण येत नव्हतं." त्याने श्वास घेतला. सगळ्यांनी त्याच्याबरोबर घेतला. "बाई खडू धरून उभ्या राहिल्या. काहीच नाही बोलल्या. मी मोजलं. सतरा झाले. मग त्याने सांगितलं."

सूनबाईला बोलावंसं वाटलं. तिला म्हणावंसं वाटलं की मीही थांबले असते, मीही थांबेन, उद्यापासून, आत्तापासून. तिने ओठ घट्ट मिटले. त्याचं संपलं असेल की नसेल, तिला कळत नव्हतं, आणि आजवर हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं, असं तिच्या ध्यानात आलं. ती मनात मोजू लागली. एक. दोन. तीन. ढगाने मिठाचं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. सात. आठ.

नवाला तो पुन्हा बोलू लागला.

"पण दुपारी मी घरी येणार. मग तू शिकव. तिथे त्यांनी चुकीचं शिकवलं असेल तर ते पण मी तुला सांगीन." त्याने जरा विचार केला. "आणि आप्पा, मी खळ आधी थंड पाण्यात नव्हती कालवली. मी आधी चाळणीतून चाळली. पोत्यात मुंगी होती."

आप्पांनी ढगाकडे पाहिलं, आणि एका मुंगीसाठी अख्खं पोतं चाळणाऱ्या नातवाबद्दलचा मान त्यांच्या चेहऱ्यावर आला.

सूनबाई अजून गुडघ्यांवरच होती. ती मोजत राहिली, अगदी सतरापर्यंत, कारण एकदा तरी पूर्ण मोजावं असं तिला वाटलं. मग ती उठली, अख्खी नणंदेकडे वळली.

"ताई, दोन जागा सोडा," ती म्हणाली. "एक ठेवा."

आणि सगळे गप्प राहिले, आत्या, आप्पा, नवरा, भिंतीआडची वकीलबाई, घास हातात धरलेली चिमटासुद्धा, कारण तिचं बोलणं अजून संपलं नसेल असं प्रत्येकाला वाटत होतं.